घरगुती पवनचक्की आणि आकाशांतील वीज

२०२३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र लागून चारच दिवस झाले असतां, आमच्या माळावरील पवनचक्कीवर वीज पडली. तिसऱ्या प्रहरीं पश्चिमेकडून ढग चढले, धुळीचा लोट उठला, पांच-सहा टपोरे थेंब पडले, आणि वळीव नीटसा सुरू होण्यापूर्वींच एक कडकडाट होऊन जें व्हावयाचें तें होऊन गेलें. मी त्या वेळीं शेजारच्या वस्तीवर होतों. पाऊण तासानें परत येऊन पाहतों तों खांब जागच्या जागीं उभा, चक्कीचीं तिन्ही पातीं शाबूत, आणि तीं फिरतही होतीं. किंबहुना नेहमींपेक्षां अंमळ अधिकच जोरानें फिरत होतीं. त्याचा अर्थ त्या वेळीं माझ्या ध्यानांत आला नाहीं. उलट क्षणभर हायसेंच वाटलें.

आमचें शेत साताऱ्याच्या पूर्वेकडील माळरानांत आहे. चक्की एक किलोवॉट शक्तीची. साठ फूट उंचीचा लोखंडी खांब तीन बाजूंनीं पोलादी ताणांनीं जखडलेला. तेथून घर दीडशें फुटांवर. घरांत शिरतांच जळका वास आला. बॅटऱ्यांशेजारचा कंट्रोलर कोळसा झाला होता, इन्व्हर्टरच्या आंतील भाग फुटले होते, आणि घराच्या पलीकडे असलेल्या बोअरच्या मोटारीचा स्टार्टर, ज्याचा पवनचक्कीशीं कांहींएक संबंध नाहीं असें मी समजत होतों, तोही जळाला होता. हें सर्व पैशानें भरून येण्यासारखें होतें. परंतु खांबाच्या पूर्वेकडील ताणाच्या खुंट्याला आमच्या जोडीपैकीं ढवळ्या बांधलेला होता. तो मरून पडला होता. अंगावर भाजल्याची खूण नाहीं, कोठें जखम नाहीं. त्याचा जोडीदार गोठ्यांत होता म्हणून वांचला.

खुंट्याची कडी दावें अडकवावयास सोयीची, भोंवतीं चांगलें गवत, यामुळें तेथें बैल बांधण्याची संवय मींच पाडली होती. तेव्हां त्या बाबतींत दोष माझा, हें प्रथमच सांगून टाकतों. ज्यांनीं चक्की बसवून दिली त्यांस मागाहून विचारलें असतां, विजेपुढें कोणाचें काय चालणार, एवढेंच उत्तर मिळालें. गांवांतील एका वृद्ध गृहस्थांनीं घरांत कोणी पायाळू आहे काय, अशीही पृच्छा केली. या दोहोंपैकीं कशानेंही समाधान न झाल्यामुळें पुढें वर्षभर मीं या विषयाचा पाठपुरावा केला. एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्युत् शाखेच्या अध्यापकांस माळावर आणून मोजणी करविली, आणि इमारतींचें विजेपासून संरक्षण व अर्थिंग यांसंबंधींचीं आपल्याकडील मानकें त्यांच्याकडून समजून घेतलीं. त्यांतून जें हातीं आलें तें, ज्यांच्या शेतांत अशी चक्की आहे अथवा जे ती घेण्याच्या विचारांत आहेत अशा शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

पहिला प्रश्न जो तो विचारतो तो हा कीं, पवनचक्कीचा खांब वीज ओढून आणतो काय? याचें उत्तर होय असेंही आहे व नाहीं असेंही आहे. ढगांतून निघालेली वीज जमिनीपासून शेंदीडशें मीटरांवर येईपर्यंत खालीं झाड आहे कीं घर आहे याची तिला दखल नसते. अगदीं शेवटच्या टप्प्यांत मात्र उंच वस्तूच्या टोंकांतून वरच्या दिशेनें जी ठिणगी उठते, तिच्याशीं तिची गांठ पडते. खांबाच्या उंचीच्या तिप्पट त्रिज्येचें वर्तुळ काढलें, तर त्या वर्तुळांत एरवीं कोठेंतरी पडली असती ती वीज साधारणपणें खांबावर येते, असा या शास्त्रांतील हिशोबाचा ठोकताळा आहे. साठ फूट म्हणजे सुमारें १८ मीटर. तिप्पट केले कीं ५४ मीटर. त्या वर्तुळाचें क्षेत्र होतें सुमारें सव्वादोन एकर. आतां एखाद्या मुलखांत दर चौरस किलोमीटरावर वर्षाला ५ विजा पडतात असें धरलें, तर अशा खांबावर सरासरीनें २२ वर्षांतून एकदां वीज पडेल. १० पडतात असें धरलें तर ११ वर्षांतून एकदां. खांब टेकाच्या माथ्यावर असेल तर याहूनही लौकर. म्हणजे खांब आकाशांतून नवी वीज आणीत नाहीं; सव्वादोन एकरांत पडावयाची ती एका जागीं गोळा करतो. वीस-पंचवीस वर्षें चालावी म्हणून आपण जी वस्तु घेतों, तिच्या आयुष्यांत हा प्रसंग एकदां तरी येईल असें धरूनच चाललें पाहिजे.

यांत ऋतुमानाचाही एक योग आहे. आमच्याकडे चक्कीला खरा वारा मिळतो तो मृगापासून भाद्रपदापर्यंत; आणि विजांचा जोर असतो तो त्याच्या अलीकडे, चैत्र-वैशाखाच्या वळवांत व रोहिणी-मृगांत, आणि पलीकडे, हस्त-चित्रांत. भर पावसाळ्यांत त्या मानानें गडगडाट कमी. तेव्हां बंदोबस्त करावयाचा तो वाऱ्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे होळी आटोपतांच करावा. मृगाच्या तोंडावर पेरणीच्या गडबडींत हें काम कोणाकडूनही होत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. वीज खांबावर पडली आणि पातीं शाबूत राहिलीं, तर घरांतील यंत्रें कां जळावीं? आणि ज्याला चक्कीची तारच जोडलेली नाहीं, त्या बोअरच्या स्टार्टरनें काय पाप केलें होतें?

अध्यापकांनीं अर्थ टेस्टर लावून तीन ठिकाणचीं अर्थिंगें मोजलीं. घराचें अर्थिंग काळ्या जमिनींत, तें भरलें ६ ओहम. बोअरची लोखंडी केसिंग खोल गेलेली, ती ३ ओहम. आणि खांबाचें अर्थिंग भरलें ३८ ओहम. कारण उघड होतें. माळावर वीतभर मुरमाड माती आणि खालीं काळा पाषाण. अर्थिंगची सळई तीन फुटांवर खडकाला लागली, तेव्हां बसवणाऱ्यानें वरचा भाग कापून टाकला व माती लोटून दिली. वरून पाहणाऱ्यास सर्व यथास्थित दिसे.

साधारण प्रतीच्या विजेंत तीस हजार अँपिअर प्रवाह असतो. मोठी असली तर एक लाख किंवा दोन लाखांपर्यंतही. तीस हजारांना अडतिसांनीं गुणलें कीं अकरा लाख चाळीस हजार होतात. म्हणजे त्या क्षणीं खांब, त्याचा पाया व चक्कीच्या तारा हीं सर्व अकरा लाख व्होल्टांवर चढलीं, आणि घराचें अर्थिंग व बोअर हीं आपलीं होतीं तेथेंच राहिलीं. या दोहोंना जोडणारी एकच वाट होती, ती म्हणजे चक्कीपासून कंट्रोलरपर्यंत आलेली केबल. ज्या ओढ्याची मोरी लहान, त्याला पूर आला म्हणजे पाणी मोरीपाशीं तुंबतें, चढतें, आणि बांध फोडून ज्या शेतांत सखल जागा सांपडेल तिकडे जातें. येथें खांबाचें अर्थिंग ही लहान मोरी, आणि आमचें घर हें सखल शेत. वीज केबलनें घरांत आली, कंट्रोलर व इन्व्हर्टर फोडून घराच्या तारांत शिरली, तेथून बोअरच्या मोटारीची तार धरली, आणि सर्वांत चांगली मोरी जी बोअरची केसिंग, तिच्यांतून जमिनींत गेली. स्टार्टर वाटेंत होता.

येथें एका समजुतीचा निरास करणें अवश्य आहे, कारण ती मोठमोठ्या वायरमन मंडळींतही आढळते, आणि माझीही होती. ती अशी कीं, चक्कीचें अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून दूर व अगदीं वेगळें ठेवावें, म्हणजे विजेचा विटाळ घराला होणार नाहीं. वरवर हें पटण्यासारखें आहे. परंतु अर्थिंगें वेगळीं ठेवलीं तरी केबल त्यांना जोडीतच असते; आणि जी जोडणी जाड पट्टीनें करावयाची ती आपण न केल्यामुळें वीज ती केबलच्या बारीक तारेनें व नाजूक यंत्रांतून करून घेते. म्हणून खांब, घर, बोअर, सौर पत्रे असल्यास त्यांची चौकट, गोठ्याचे लोखंडी खांब, या सर्वांचीं अर्थिंगें एकमेकांस जाड धातूनें बांधून सर्वांची जमीन एक केली पाहिजे. मग वीज पडली असतां सर्वच एकदम वर चढतें व एकदम खालीं येतें. एकाच नावेंत बसलेल्यांस लाटेची उंची जाणवत नाहीं, तसें होतें.

विजेला नीट वाट करून न देतां ती घरांत आणण्याचा परिणाम काय होतो, हें फार जुन्या काळींच दिसून आलें आहे. फ्रँकलिननें १७५२ सालीं अमेरिकेंत पतंगाचा प्रयोग केला, हें पुष्कळांनीं शाळेंत वाचलेलें असतें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १७५३ सालीं, रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें रिचमान नांवाच्या शास्त्रज्ञानें छपरावरील सळईची तार घरांत घेतली होती. विजेचें मापन करतां यावें म्हणून ती जमिनीशीं जोडलेली नव्हती. वादळांत तो उपकरणाजवळ गेला असतां वीज त्याच्या अंगांतून गेली आणि तो जागींच मरण पावला.

असो. आम्हीं २०२४ सालच्या उन्हाळ्यांत जें केलें तें आतां सांगतों.

खडकांत उभ्या सळया जात नाहींत हें कळल्यावर उभें जाण्याचा हट्टच सोडला. खांबाच्या पायाभोंवतीं हातभर अंतर सोडून दोन फूट खोल चर खणला आणि त्यांत ३० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड अशी जस्तलेपित लोखंडी पट्टी वेढ्यासारखी पुरली. त्या वेढ्यापासून तिन्ही ताणांच्या खुंट्यांपर्यंत तशाच पट्ट्या नेल्या आणि खुंट्यांच्या पुढें आणखी चाळीस-चाळीस फूट वाढविल्या. खडकाळ जमिनींत खोलीपेक्षां लांबीनें काम होतें; आडवी पसरलेली पट्टी पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या मातीच्या थराशीं सर्वत्र लागून राहते. चर बुजवितांना मुरूम न टाकतां गाळाची माती आणून बेंटोनाइटची पूड मिसळून भरली. मीठ व कोळसा घालण्याची जुनी चाल आहे. पण मीठ दोन-चार पावसाळ्यांत धुऊन जातें, आणि असेपर्यंत लोखंड खातें, म्हणून तें टाळलें. तांब्याची पट्टी अधिक चांगली खरी, परंतु ती महाग, आणि चोरांना तिची जागा आपल्याहून आधीं कळते. शिवाय तांबें आणि जस्तलेपित लोखंड ओल्या जमिनींत एकमेकांस लागलें कीं लोखंड झपाट्यानें झिजतें. तेव्हां जें घ्यावयाचें तें एकाच जातीचें घ्यावें.

ताणांची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं ताण म्हणजे केवळ दोर. परंतु विजेच्या दृष्टीनें तो खांबाइतकाच चांगला वाहक आहे, आणि खालीं तो काँक्रीटच्या ठोकळ्यांत संपतो. काँक्रीटमधून वीज जाऊं लागली कीं त्यांतील ओलाव्याची एकदम वाफ होऊन ठोकळ्याला तडा जाऊं शकतो, आणि पुढच्या वादळांत तोच खुंटा उपटून येतो. म्हणून प्रत्येक ताणाला, टर्नबकलच्या वरच्या अंगास, जस्तलेपित क्लॅम्प लावून तेथून तार सरळ पुरलेल्या पट्टीस जोडावी. टर्नबकलच्या आट्यांतून वीज जाऊं देऊं नये. आटे वितळून चिकटले तर ताण पुन्हां आंवळतां येत नाहीं.

खांबापासून घरापर्यंत केबल पूर्वीं प्लॅस्टिकच्या नळींतून आलेली होती. ती काढून जी.आय. पाइपांतून घेतली, पाइप दोन्ही टोंकांस अर्थिंगला जोडला, आणि त्याच चरांत पाइपाच्या वीतभर वरून जोडपट्टी घराच्या अर्थिंगपर्यंत व पुढें बोअरच्या केसिंगपर्यंत नेली. खर्चाचा मोठा भाग याच चराचा व पट्टीचा. पण शेतांत चर खणणें हें आपल्या हातचें काम आहे. खडकाळ तुकडा सोडल्यास आम्हीं तें घरच्या माणसांनींच केलें. हें सर्व झाल्यावर अध्यापकांनीं भर वैशाखांत पुन्हां मोजणी केली. खांबाचें अर्थिंग ३८ वरून ९ ओहमांवर आलें होतें, आणि सर्व एकत्र जोडल्यावर २ ओहम भरलें. मोजावयाचें तें उन्हाळ्यांतच मोजावें. आषाढांत कोणाचेंही अर्थिंग उत्तमच भरतें.

तथापि एवढ्यानेंही काम पुरें होत नाहीं, आणि याचें कारण थोडें सूक्ष्म आहे. वीज सेकंदाच्या कांहीं दहालाखाव्या भागांत चढते. इतक्या वेगानें वाढणारा प्रवाह तारेंतून जातांना तारेची केवळ लांबीच त्याला अडथळा करते. सेकंदाच्या दहालाखाव्या भागांत एक हजार अँपिअर या वेगानें वाढणारा प्रवाह मीटरभर तारेंतून जाऊं लागला, कीं त्या मीटरभर तारेच्या दोन टोंकांत सुमारें एक हजार व्होल्टांचा फरक पडतो. मग ती तार कितीही जाड असो. म्हणून दीडशें फूट लांबीच्या पट्टीनें खांब व घर बांधलें तरी त्या क्षणापुरता दोहोंत फरक राहणारच. त्यासाठीं केबलच्या दोन्ही टोंकांस, एक खांबाच्या बुडाशीं व एक घरांत कंट्रोलरच्या तोंडाशीं, बाजारांत ज्यास एस.पी.डी. म्हणतात तीं उपकरणें बसवावीं लागतात. नेहमींच्या दाबाला तीं बंद असतात. दाब मर्यादेबाहेर चढला कीं क्षणार्धांत उघडून तो अर्थिंगमध्यें सोडून देतात व पुन्हां बंद होतात. बांधावरून पाणी जाऊं लागण्यापूर्वीं सांडवा वाहूं लागतो, त्यांतलाच हा प्रकार.

हीं घेतांना दोन ठिकाणीं फसगत होते. एक म्हणजे दाबाची निवड. चक्कीवर ४८ व्होल्ट लिहिलेलें पाहून कोणी त्या बेताचें एस.पी.डी. आणतो. परंतु भार सुटून चक्की मोकळी फिरूं लागली कीं तिचा दाब ४८ च्या कित्येक पट चढूं शकतो, आणि मग तें बिचारें वीज नसतांच जळून जातें. चक्की पूर्ण वेगानें मोकळी फिरतांना जास्तींत जास्त किती व्होल्ट देते हें बनविणाऱ्याकडून लिहून घ्यावें व त्याहून वरच्या मर्यादेचें घ्यावें. दुसरें, जोडतारेची लांबी. एस.पी.डी. भिंतीवर सोयीच्या जागीं लावून तेथून चार फूट तार वळणें घेत अर्थिंगला नेलेली मीं पाहिली आहे. वरचा मीटरभर तारेचा हिशोब आठवावा. दोन्ही अंगांच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरापेक्षां अधिक होऊं नयेत, आणि तारेला नागमोडी वळण देऊं नये. महावितरणच्या जोडणीवरही असें एक एस.पी.डी. हवें, कारण वीज केवळ चक्कीकडूनच येते असें नाहीं. मैल-अर्धा मैलावर लाइनीवर पडली तरी ती तारेनें घरीं येते. टीव्हीच्या छत्रीची तारही विसरूं नये.

पात्यांविषयीं फार लिहावयाचें कारण नाहीं. पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर ज्या मोठमोठ्या पवनचक्क्या आहेत, तशा यंत्रांच्या पात्यांच्या टोंकांस धातूच्या चकत्या बसवून आंतून वाहक तार खालीं आणण्याची पद्धत आहे. आपल्या लहान चक्कीच्या पात्यांत बहुधा असें कांहीं नसतें. शेंड्यावर सळई लावावी म्हटलें, तर पात्यांचें चक्र तिच्याहून वर जातें. आणि शेजारीं दुसरा उंच खांब उभारणें म्हणजे चक्कीच्या किंमतीचा बराच भाग पुन्हां खर्च करणें. माझ्या मतें एक-दोन किलोवॉटच्या चक्कीसाठीं तो खर्च करूं नये. पातें गेलें तर नवें मिळतें. वीज पडल्यावर एकदां बेअरिंग मात्र तपासावें. तिच्या गोळ्यांतून प्रवाह गेला म्हणजे बारीक खांचा पडतात, आणि चक्की हातानें फिरविली असतां खरखर लागते. तशी लागल्यास बदलून टाकावें.

येथेंच विक्रेत्यांविषयीं दोन शब्द. कोणी ब्रशासारखें तारांचें झुबकें विकतात व त्यानें ढगांतील भार हळूहळू विरून वीज पडतच नाहीं असें सांगतात. कोणी विशेष प्रकारची सळई देऊन एका सळईनें कित्येक एकरांचें रक्षण होतें असें म्हणतात. इमारतींच्या संरक्षणाचें जें आंतरराष्ट्रीय मानक आपल्या देशानेंही स्वीकारलें आहे, तें अशा सळईला साध्या अणकुचीदार सळईपेक्षां जास्त क्षेत्र देत नाहीं. तोच पैसा चरांत पुरावा.

आतां त्या दिवशीं पातीं जोरानें कां फिरत होतीं तें सांगतों. कंट्रोलर जळाल्याबरोबर चक्कीवरचा भार सुटला होता. भार नसलेली चक्की म्हणजे जूं निसटलेला बैल. वारा वाढेल तसा तिचा वेग वाढत जातो, आणि कित्येकदां विजेनें वांचलेली चक्की या मोकाट फिरण्यानेंच मोडते. नशिबानें त्या दिवशीं वारा लौकर पडला. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. वादळाचीं चिन्हें दिसलीं कीं केबल सोडवून ठेवावी, असा सल्ला कोणी देतात. पण चक्की फिरत असतां केबल सोडवणें म्हणजे तिला मोकाट सोडणेंच आहे. आधीं ब्रेकची कळ दाबून, म्हणजे चक्कीच्या तिन्ही तारा एकमेकींस जोडून, तिला थांबवावें; पातीं थांबलीं आहेत हें डोळ्यांनीं पाहावें; मगच कंट्रोलर वेगळा करावा. हें वारा मंद असतांनाच करावयाचें. सोसाट्याचा वारा सुटल्यावर कळ दाबली तर कांहीं चक्क्या थांबत नाहींत, उलट आंतील वेढे तापून जळतात. आणि गडगडाट ऐकूं येऊं लागल्यावर तर कळीला, केबलला किंवा खांबाला हात लावूंच नये. उपकरणें जळलीं तर जळोत.

कारण वर वर्णिलेल्या सर्व पट्ट्या व उपकरणें यंत्रांचें रक्षण करतात. खांबाजवळ उभ्या असलेल्या माणसाचें किंवा जनावराचें करीत नाहींत. ढवळ्या कां मेला याचा हिशोब अध्यापकांनीं मला कागदावर मांडून दाखविला. तीस हजार अँपिअर खांब व तीन ताण मिळून चार वाटांनीं खालीं आले असें धरलें, तर खुंट्याच्या वाट्याला साडेसात हजार येतात. माळाच्या जमिनींत तो प्रवाह खुंट्यापासून चोहोंकडे पसरतो, आणि खुंट्यापासून जसजसें दूर जावें तसतसा जमिनीवरील दाब कमी होत जातो. बैलाचे पुढचे पाय खुंट्यापासून एक मीटरावर व मागचे अडीच मीटरांवर होते असें मानलें, तर त्या दोहोंखालच्या जमिनींत एक लाख चाळीस हजार व्होल्टांचा फरक येतो. दोन पायांच्या माणसाचे पाय जवळ असतात व प्रवाह एका पायानें चढून दुसऱ्यानें उतरतो. चतुष्पादांत तो पुढच्या पायांकडून मागच्या पायांकडे, म्हणजे काळजांतून जातो. झाडाखालीं उभीं राहिलेलीं गुरें एकदम कळपानें मरतात त्याचें कारणही हेंच. आपल्या देशांत विजेनें दरवर्षीं अडीच हजारांहून अधिक माणसें दगावतात, असें राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडील वर्षांच्या आंकड्यांवरून दिसतें. २०२१ सालीं ती संख्या २,८८० होती.

अर्थिंग चांगलें केल्यानें हा धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. खांबापासून व खुंट्यांपासून निदान पंधरा-वीस फुटांत गुरें बांधूं नयेत, पोरांस खेळूं देऊं नये, मळणी किंवा गंज घालूं नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर हा हिशोब. तिसाच्या आंत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे, आणि काम सोडून पक्क्या घरांत गेलें पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें मोबाइलवर 'दामिनी' नांवाची सोय केली आहे. आपल्या ठिकाणाभोंवतीं वीस व चाळीस किलोमीटरांच्या टापूंत विजा पडूं लागल्या म्हणजे ती इशारा देते. ज्याच्या घरांत एकजण तरी असा मोबाइल बाळगतो, त्यानें ती अवश्य घ्यावी. मात्र माळावर रेंज नसते हें विसरूं नये. कान व डोळे उघडे ठेवावेच लागतात.

दरवर्षीं करावयाचें काम थोडें आहे. होळीनंतर एकदां व हस्तापूर्वीं एकदां सर्व क्लॅम्प आंवळून पाहावे, गंज आलेले बदलावे, पट्टी जमिनींतून वर येते तेथें वीतभर डांबर लावावें, कारण ती सर्वांत आधीं तेथेंच सडते. नांगराच्या फाळानें जोडपट्टी तुटली नाहीं ना, हें पाहावें. आमच्याकडे एकदां ट्रॅक्टरवाल्यानें ती उखडली होती व महिनाभर कोणास पत्ता नव्हता. एस.पी.डी.च्या तोंडावर लहान खिडकी असते. ती हिरवी असेपर्यंत उपकरण जिवंत, लाल झाली कीं त्याचें आयुष्य संपलें.

२०२४ सालच्या हस्तांत एका रात्रीं पुन्हां फार जवळ कडाडलें. चक्कीवरच पडली कीं शेजारच्या ताडावर, हें अंधारांत कळलें नाहीं. सकाळीं पाहिलें तों खांबाच्या बुडाशीं असलेल्या तीनपैकीं दोन खिडक्या लाल झाल्या होत्या. कंट्रोलर, इन्व्हर्टर व स्टार्टर चालू होते. दोन्ही पुड्या काढून नव्या बसविल्या. पवळ्याला आतां नवा जोडीदार आणला आहे. दोघांचीं दावीं गोठ्यांत असतात, आणि ताणांच्या तिन्ही खुंट्यांभोंवतीं बाभळीच्या काट्यांचें कुंपण घातलें आहे.